गाऱ्हाण्याला चाल लावणारा मुलूख

मागच्या उन्हाळ्यात विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात एक शिबिर झालं. विषय होता 'सकारात्मक जीवन'. पाहुण्यांनी सगळ्यांना उभं केलं, हात वर करायला लावले, मोठ्यानं हसायला लावलं. हसून झाल्यावर मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "हासाले काई पैसे लागत नाई सायेब, पन कापसाचा भाव कोन सांगन?" यावर जो हशा पिकला तो आधीच्यापेक्षा दुप्पट होता. काकांनी टाकली ती झडतीच होती, फक्त दिवस पोळ्याचा नव्हता.

ज्यांना झडती ठाऊक नाही त्यांच्यासाठी पोळ्यापासूनच सुरुवात करतो. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतात, ज्या खांद्यावर वर्षभर जू घासलं त्याच खांद्याला. लावायचं ते पळसाच्या पानानं, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काम करणाऱ्याला रीतसर जेवणाचं आमंत्रण! दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की 'एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव' म्हणत झडत्या सुरू होतात. यमक जुळवून सावकाराला, पुढाऱ्याला, सरकारला आणि शेजारच्या कंजूष गड्यालाही चिमटे. ज्याला चिमटा बसला तोही हसतो, कारण न हसला तर पुढची झडती त्याच्यावरच येणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत नावाची पुतळी निघते. खासी, खोकला, रोगराई, जे काही नको असेल ते तिच्या नावानं ओरडून गावाबाहेर काढायचं.

पोरींचं गाऱ्हाणं भुलाबाईत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी भुलाबाई बसते, आणि सासूचा जाच, नणंदेचा ताठा, माहेराची ओढ, सगळं टिपऱ्यांच्या तालावर गायलं जातं. गाणी संपली की डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी हलवून आवाजावरून सांगायचं, फुटाणे की मुरमुरे. आमच्या आत्याच्या तोंडून सासरची तक्रार एरवी कधी निघाली नाही. त्या गाण्यांत मात्र ती सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची.

पूर्वेकडे झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, याच गोष्टीला रंगमंच मिळाला. दंडार आणि खडी गंमत या तिथल्या जुन्या लोककला, पुढे त्यांच्या जोडीला नाटक आलं. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं ठाणं. पाव्हणे येतात, सोयरिकी जुळतात, खलनायकाला शिव्या पडतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा पटाच्या दानीवरच्या, म्हणजे धावपट्टीवरच्या, गर्दीवर उभा राहणारा रात्रीचा खेळही सुना पडला. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. बैलांच्या हालांची बाजू खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण बंदीच्या त्या वर्षांत आमच्या एका नातलगाच्या गावी मंडईला पाव्हणाच आला नाही, हेही खरं.

या सगळ्या हसण्या-गाण्याला कामाची शिस्त लावली ती दोन वऱ्हाडी माणसांनी. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम. कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. कर्ज काढून सण करता का, देवापुढे बकरं का कापता, असं विचारत लोकांना हसवत हसवतच कात्रीत धरायचे. तुकडोजी महाराज 1909 चे, यावलीचे. हातात खंजिरी. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, 1955 मध्ये 41 अध्यायांची ग्रामगीता आली, आणि गावोगाव संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रुजली. आमच्याकडे आजही प्रार्थना संपली की लगेच कोणी उठत नाही. कोणाच्या घरी दुखणं, कोणाची बैलजोडी विकली, हे तिथंच कळतं.

तिसरा धागा वरोऱ्याचा. 1949 मध्ये बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन खडकाळ जमिनीवर वस्ती सुरू केली आणि नाव ठेवलं आनंदवन. ज्यांना घरच्यांनीच टाकलं होतं, त्यांनी विहिरी खोदल्या, पिकं घेतली. भिकेपेक्षा घामानं माणूस ताठ होतो, हा बाबांचा हिशोब होता.

मग कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं हाती आलेलं बोंड आतून पोखरलं. शेतकऱ्याचं मन हा सरकारी फायलीतला विषय झाला. 2015 मध्ये आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, घरोघरी जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारू लागल्या. 'सकारात्मक' हा शब्द गावात रुळला तो याच काळात, शिबिरांमधून आणि मोबाइलवरच्या सुप्रभातांमधून.

आमच्या ओळखीच्या एक आशाताई सांगत होत्या. ओसरीवर बसून कागदावरचे प्रश्न विचारले की बाई म्हणते, "सब बराबर हाये." एकदा सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी नुकतीच लागली होती. ताई वावरातच गेल्या. कागद पिशवीत टाकला, कमरेला ओटी बांधली आणि त्या बाईशेजारची पात धरली. पहिलं तास, म्हणजे कापसाची एक ओळ, संपेपर्यंत दोघी कापसाबद्दल बोलल्या. दुसऱ्या तासाला बाईनं नवऱ्याच्या रात्रीच्या जागरणाचं सांगायला सुरुवात केली, मध्येच बँकेच्या साहेबाची नक्कल केली, स्वतःच हसली, आणि पदरानं डोळे पुसून पुढचं बोंड वेचलं. ताईंनी विचारलं, "मंग आता रातीले किती वाजता झोपतात ते?"