घटस्फोटात फ्लॅट कोणाचा आणि हप्ते कोणाचे?

घटस्फोट झाला की नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. महाराष्ट्रात तसं होत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये वाटणीचं म्हणून एकच कलम आहे, 27 वं, आणि तेही मुख्यतः लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. एरवी कागदावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले, हेच बघितलं जातं. नवऱ्याच्या वडिलोपार्जित शेतीत बायकोला घटस्फोटामुळे हिस्सा मिळत नाही. तिला कलम 25 खाली कायमची पोटगी मागता येते आणि ती ठरवताना नवऱ्याची मिळकत विचारात घेतात. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचं. दागिने सासूच्या लॉकरमध्ये असले तरी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं आहे.

गोव्याचं गणित वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात आणि वाटणीत प्रत्येकाला निम्मी जाते.

आपल्याकडे कायदाच वाटणी करून देत नसल्यामुळे परस्परसंमतीच्या घटस्फोटात खरं महत्त्व येतं ते ‘कन्सेंट टर्म्स’ना, म्हणजे दोघांनी सह्या करून न्यायालयात दिलेल्या अटींना. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली असा अर्ज करायचा तर किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी मिळून घटस्फोट मागायचा. सगळी देणी-घेणी, मुलांचा ताबा वगैरे मिटलेलं असेल तर हे सहा महिने माफ करता येतात, असा 2017 चा निकाल आहे. थोडक्यात, वाटणी आधी मिटवली तर वेळही वाचतो.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात; जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात. लग्न झालं ते ठिकाण, दोघं शेवटचं एकत्र राहिले ते ठिकाण किंवा पत्नी सध्या राहते ते ठिकाण, यांपैकी कुठेही चालतं. सोबत विवाह प्रमाणपत्र (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. मालमत्तेसाठी खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), जमीन असेल तर सातबारा. पोटगीचा वाद असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते बंधनकारक आहे. पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे म्हणूनच आधी गोळा करा. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

कर्जाचं काय?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘यापुढचे हप्ते पती भरेल’ असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं, न्यायाधीशांनी हुकूमनामाही (डिक्री) दिला. पण बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार. त्याने तीन हप्ते चुकवले की सिबिल स्कोअर तिचाही घसरतो आणि वसुलीचा फोन तिलाही येतो. सहकर्जदार म्हणून नाव काढायचं तर बँकेची लेखी संमती लागते, आणि उरलेल्या एकट्याच्या पगारात कर्ज बसतं का, हे बँक नव्याने तपासते. नाहीच बसलं तर फ्लॅट विकून कर्ज फेडायचं आणि उरलेले पैसे वाटून घ्यायचे. मन मानत नाही, पण पुष्कळदा तोच मार्ग स्वच्छ ठरतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. बँकेचं संमतीचं पत्र हातात येईपर्यंत घटस्फोट पुन्हा मागण्याच्या दुसऱ्या अर्जावर सही करायची घाई करू नका, असं मी तरी सांगेन.

फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर त्याचं पूर्ण वर्णन, म्हणजे सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, सदनिका क्रमांक, मूळ अर्जातच घाला. जी मिळकत दाव्याचा विषयच नव्हती, ती हुकूमनाम्यात आली तर तो हुकूमनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. दुसरा रस्ता बक्षीसपत्राचा. राहतं घर पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिक स्थानिक अधिभार. पण हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलतही जाते! शिवाय हिश्श्याच्या बदल्यात पैसे दिले-घेतले असतील तर ते बक्षीस नव्हे, विक्री ठरते. घरावर कर्ज असेल तर बँकेला विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप बदलेल, असं समजू नका. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो.