पाडायला काढलेलं घर आणि न बदललेला शेवट : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची पार्श्वभूमी

पडद्यावर झोंबी पहिल्यांदा आला तो साखर कारखान्यात राबणारा मजूर म्हणून. घोळक्याने चालून येणारं, माणसाचं मांस खाणारं प्रेत हे त्याचं आजचं रूप बरंच नंतरचं, आणि ते घडवलं एका चित्रपटानं. १ ऑक्टोबर १९६८ रोजी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात पहिल्यांदा लागला. त्यानंतर झोंबीपटांची रांगच लागली. बजेट वाढली, रंग आले, झोंबी धावायला लागले. तरी हा कृष्णधवल, दीड तासाचा चित्रपट आजही अंगावर येतो. मला त्यामागं दोन गोष्टी दिसतात. पैसे नसल्यामुळं जे करावं लागलं, त्यातून चित्रपटाला बातमीपटाचा खरेपणा आला. आणि शेवट बदला असं सांगणारे भेटले तेव्हा ही मंडळी बधली नाहीत.

झोंबीची कल्पना आली कॅरिबियन समुद्रातल्या हैतीतून, म्हणून आधी हैतीबद्दल थोडं. ही फ्रेंचांची वसाहत होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या जिवावर तिथं ऊस आणि कॉफी पिकायची. मेल्यावर आत्मा आफ्रिकेत, आपल्या पूर्वजांकडं परत जातो, अशी या गुलामांची श्रद्धा होती. झोंबी म्हणजे ती वाटही बंद झालेला माणूस: मेला तरी मालकाच्या हुकमाखालून न सुटलेला. म्हणजे मुळात भीती झोंबीची नव्हतीच, आपला झोंबी होईल याची होती. १७९१ च्या उठावानंतर १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं. पुढं १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्यानं देश ताब्यात ठेवला आणि रस्ते बांधायला लोकांना पुन्हा वेठीला धरलं. त्याच काळात विल्यम सीब्रूक या अमेरिकी लेखकानं ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) या प्रवासवर्णनात उसाच्या शेतात राबणाऱ्या प्रेतांची गोष्ट सांगितली आणि झोंबी अमेरिकेत पोचला.

तीनच वर्षांनी बेला लुगोसी या नटाचा ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. त्यात साखरेच्या कारखान्याचा एक प्रसंग आहे. झोंबी मजूर टोपल्या घेऊन रांगेनं चालताहेत, लाकडी यंत्र कुरकुरत फिरतंय. एकाचा तोल जातो आणि तो यंत्रात पडतो. कोणी थांबत नाही, वळून बघत नाही, यंत्राचा आवाजही बदलत नाही. बाकी चित्रपट आज जुनाट वाटतो, पण या मिनिटभराच्या प्रसंगात गुलामगिरीबद्दल जे सांगून होतं ते भल्याभल्या चित्रपटांना साधलेलं नाही.

रोमेरोला मात्र हैतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं उचललं ते रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’ (१९५४) या कादंबरीतून, आणि तसं तो उघड सांगायचाही. सगळं जग रक्तपिपासू झालंय आणि एकच माणूस घराला फळ्या ठोकून आत बसलाय, ही ती कल्पना. मॅथेसनची गोष्ट सुरू होते तेव्हा जग बुडालेलं असतं. रोमेरोला ते बुडायला लागतं ती पहिली रात्र दाखवायची होती. त्याच्या चित्रपटात झोंबी हा शब्दही येत नाही. ते नाव प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी नंतर चिकटवलं.

रोमेरो मूळचा न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सचा, जन्म १९४० चा. शिकायला पिट्सबर्गला आला आणि तिथंच रमला. मित्रांबरोबर त्यानं ‘लेटंट इमेज’ ही छोटी कंपनी काढली. बियर, साबण-पावडर अशा जाहिराती आणि कंपन्यांसाठी माहितीपट करणं हा त्यांचा धंदा. पिट्सबर्गमध्येच तयार होणाऱ्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेसाठीही रोमेरोनं छोटे भाग चित्रित केले होते. त्यातल्या एकात मिस्टर रॉजर्स टॉन्सिलचं ऑपरेशन करून घेतात. कॅमेरा, दिवे आणि संकलनाची टेबलं घरचीच होती, हात सरावलेले होते, नव्हता तो पैसा. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले आणि ‘इमेज टेन’ नावाची संस्था उभी राहिली. भयपट निवडला तो विकला जाण्याची शक्यता जास्त म्हणून. पुढं ओळखीपाळखीतून आणखी पैसे गोळा होत खर्च १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास गेला. हॉलिवुडच्या हिशेबानं ही रक्कम तेव्हाही किरकोळच होती.

पिट्सबर्गच्या उत्तरेला तासाभराच्या आतल्या अंतरावर एव्हान्स सिटी हे गाव आहे. तिथलं एक शेतघर पाडायला काढलेलं होतं, ते त्यांना मिळालं. घर जाणारच होतं, त्यामुळं खिळे ठोका, दारं तोडा, काचा फोडा, कोणाची ना नव्हती. चित्रपटात झोंबींनी वेढलेल्या या घरात अडकलेला नायक बेन टेबलाचे पाय उपटून, दारं काढून खिडक्यांवर ठोकतो तेव्हा त्या ठोकण्यात जी घाई आणि वजन जाणवतं ते खऱ्या घराचं आहे. तळघर मात्र वापरण्याजोगं नव्हतं, म्हणून ते प्रसंग कंपनीच्या ऑफिसखालच्या तळघरात उरकले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, कृष्णधवल फिल्मवर ते खपून जातं. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, त्यानं आतडी पुरवली. नव्यानं संगीत करून घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा तयार संगीताच्या संग्रहातले तुकडे जोडले. कार्ल हार्डमन आणि मॅरिलिन ईस्टमन यांनी निर्मिती सांभाळली, मेकअप केला आणि शिवाय त्याच घरात अडकलेल्या कूपर नवरा-बायकोच्या भूमिकाही केल्या. त्यांच्या पडद्यावरच्या मुलीचं काम करणारी कायरा शोन ही हार्डमनची खरी मुलगी.

चित्रपटात झोंबी टिपणाऱ्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, टोळीत बंदुका घेऊन हिंडणारी बरीचशी माणसं तिथलीच आहेत. टीव्हीवरचा बातमीदार झालेला बिल कार्डिल पिट्सबर्गच्या टीव्हीवर खरोखरच झळकणारा, शनिवारी रात्री भयपट सादर करणारा चेहरा होता. त्या वर्षांत अमेरिकी घरांमध्ये संध्याकाळच्या बातम्यांत व्हिएतनाम दिसत होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात, हे चित्रीकरण चालू असताना, नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरं वर्णीय दंगलीत जळत होती. हलता कॅमेरा, भगभगीत उजेड, दाणेदार चित्र, कुत्रे, हेलिकॉप्टर, रायफली हे सगळं प्रेक्षक रोज बघतच होते. स्टुडिओत सेट लावून, रंगीत फिल्मवर केला असता तर हा चित्रपट चारचौघांसारखा झाला असता.

बेनची भूमिका कागदावर एका रांगड्या ट्रक ड्रायव्हरची होती. तो कोणत्या वर्णाचा हे ठरलेलं नव्हतं. डुएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट चाचणीला आला आणि सगळ्यांत चांगला ठरला. रोमेरो शेवटपर्यंत एवढंच सांगत राहिला. जोन्स शिकलेला, साहित्य आणि रंगभूमीतला माणूस. त्यानं बेनचे अडाणी ढंगाचे संवाद बदलून घेतले. पडद्यावर दिसतो तो शांत, हाताला काम लावणारा, तोलून बोलणारा बेन बऱ्याच अंशी जोन्सचा आहे. चित्रपटात त्याच्या वर्णाबद्दल एक अक्षरही कोणी बोलत नाही. पण १९६८ च्या अमेरिकेत एक काळा माणूस गोऱ्या माणसांना हुकूम सोडतो, भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या बार्ब्राच्या थोबाडीत देतो, हॅरी कूपरच्या हातातून बंदूक हिसकावून त्यालाच गोळी घालतो, हे दिसत असताना वेगळ्या संवादाची गरजच काय होती? रोमेरोला वाटत होतं आपण वर्ण बाजूला ठेवलाय. जोन्सला मात्र पुरतं ठाऊक होतं की प्रेक्षक तो बाजूला ठेवणार नाहीत, आणि तो ही गोष्ट पुन्हा पुन्हा काढत असे. मला जोन्सचं म्हणणं पटतं.

घरात सात माणसं अडकली आहेत आणि सगळा चित्रपट एका भांडणावर उभा आहे: तळघरात जायचं की वर थांबायचं. हॅरी म्हणतो तळघर, एकच दार आहे, आतून लावलं की झालं. बेन म्हणतो तळघर म्हणजे सापळा, वर निदान पळता येईल. हॅरी भित्रा, आढ्यताखोर, बायकोवर डाफरणारा, त्यामुळं आपण आपोआप बेनच्या बाजूचे होतो. बेनच्या योजनेनुसार पेट्रोल आणायला ट्रक बाहेर काढतात, तो पेट घेतो आणि टॉम-ज्यूडी हे तरुण जोडपं जळून मरतं. शेवटी झोंबी घरात घुसतात तेव्हा बेन तळघरातच शिरतो, दार आतून लावतो, आणि वाचतो. हॅरीचं बरोबर होतं. रोमेरो हे कोणाच्या तोंडून वदवत नाही, बेनचा चेहराही ते कबूल करत नाही. ज्याच्यावर आपण विश्वास टाकला तो चुकला आणि ज्याचा राग आला तो बरोबर निघाला, हे प्रेक्षकाला खूप उशिरा, बहुधा घरी जाताना उमगतं. नंतरच्या किती झोंबीपटांत घेरलेल्या माणसांचं भांडण आहे! पण तिथं कोण शहाणा आणि कोण नालायक हे दहाव्या मिनिटाला कळून चुकतं.

सकाळ होते. गोळ्यांचे आवाज ऐकून बेन तळघरातून वर येतो, खिडकीशी जातो. शेरीफच्या माणसांना तो झोंबी वाटतो. एक गोळी, कपाळाच्या मधोमध. ‘आगीत घालायला आणखी एक,’ असं म्हणून शेरीफ पुढच्या कामाला लागतो. पुढं हलतं चित्र थांबतं आणि श्रेयनामावली खरबरीत स्थिर छायाचित्रांवर चालते: मांस ओढायचे आकडे घेतलेले गोरे हात, बेनचा देह, लाकडांचा ढीग. अमेरिकेत जमावानं काळ्या माणसांना ठार मारल्यानंतर काढलेले फोटो ज्यांनी पाहिले होते त्यांना ही छायाचित्रं काय आहेत हे सांगावं लागलं नाही. शेवट असाच हवा याबद्दल जोन्सही ठाम होता. काहीतरी गुळमुळीत करून बेनला वाचवण्यापेक्षा तो मेलेला बघणं कृष्णवर्णीय प्रेक्षक पत्करतील, असं त्याचं म्हणणं होतं.

तयार प्रिंट गाडीत टाकून रोमेरो न्यूयॉर्कला विकायला निघाला ती रात्र ४ एप्रिल १९६८ ची. वाटेत रेडिओवर बातमी आली की मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या आठवड्यात पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट भागातही जाळपोळ झाली. कोलंबिया या हॉलिवुडच्या स्टुडिओनं चित्रपट कृष्णधवल म्हणून परत केला. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीला तो फार निराशाजनक वाटला, बेनला वाचवा, मग बघू, असं त्यांचं सांगणं होतं. हातात पैसा नाही, अंगावर देणं, आणि समोर अशी अट. पहिलाच चित्रपट करणाऱ्या किती जणांनी ती झिडकारली असती? शेवटी वॉल्टर रीड या वितरण कंपनीनं चित्रपट आहे तसा घेतला.

वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत अमेरिकेत १ नोव्हेंबर १९६८ ला सुरू झाली, म्हणजे महिनाभर उशिरा. त्यामुळं दुपारच्या खेळांना आईबापांनी मुलं सोडून दिली. रॉजर ईबर्ट या शिकागोच्या समीक्षकानं जानेवारी १९६९ मध्ये अशा एका खेळाचं वर्णन लिहिलं. सुरुवातीला ओरडून मजा घेणारी पोरं हळूहळू गप्प होत जातात, आणि एक छोटी मुलगी जागेवरच न हलता रडत बसलेली आहे. ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकानं चित्रपटाला झोडपून काढलं. दोन वर्षांत, १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो दाखवला. १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत, गेला.

मॉलमध्ये झोंबी सोडून रोमेरोनं १९७८ मध्ये ‘डॉन ऑफ द डेड’ केला, आणि झोंबीपटातून समाजाबद्दल बोलायचं असतं हे पुढच्यांनी गृहीतच धरलं. आपल्याकडं आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’ (२०२२) डोंबिवलीतली उंच संकुलं आणि शेजारची वस्ती यांच्यामधल्या दरीकडं बघतो, तेही याच वाटेनं. तो विनोदी आहे, जात वेगळी, पण घराणं तेच.

एवढा प्रसार होण्याचं एक कारण अगदी कारकुनी आहे. चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकानं ते बदललं, नावाची नवी पाटी बसवली, आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली तर हक्कच उरत नसे. चित्रपट सगळ्यांचा झाला. कोणीही प्रिंट काढावी, टीव्हीवर लावावा, कॅसेट विकाव्यात. कष्ट करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

थोडंफार भरून निघावं हाही १९९० च्या रंगीत आवृत्तीमागचा एक हेतू होता. पटकथा खुद्द रोमेरोची, दिग्दर्शन टॉम सॅव्हिनीचं, बेनच्या भूमिकेत टोनी टॉड. मेकअप उत्तम आहे, नट चांगले आहेत, बार्बरा यात थिजून बसत नाही, लढते. पण यातला बेन तळघरात जखमांनी मरतो आणि सकाळी दार उघडतं तेव्हा झोंबी होऊनच बाहेर येतो. त्याच्यावर गोळी झाडणाऱ्यांची चूक उरत नाही. मूळ चित्रपटात चूक होते, आणि ती झाली हे शेरीफला, त्याच्या टोळीतल्या एकालाही कधीच कळत नाही.