क्रिटिकल मिनरल्सचा कन्सल्टंट हा जॉब आला कुठून?

क्रिटिकल मिनरल्स म्हणजे उद्योगांना लागतातच पण ज्यांचा पुरवठा सहज अडकू शकतो अशी खनिजं, आणि त्यांचा कन्सल्टंट म्हणजे खाणीत फिरणारा कोणीतरी जिऑलॉजिस्ट असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ह्यांचं खरं काम खाणीच्या पुढे सुरू होतं. कंपनीला आपला सप्लायर माहीत असतो, त्याचा सप्लायरही एकवेळ माहीत असतो, पण त्याच्याही मागे कोण विचारलं की सगळे गप्प, आणि ते शोधून काढायचेच ह्यांना पैसे मिळतात.

आधी हे काम वेगळं असं नव्हतंच. अमेरिकेने 1939 मध्ये कायदा करून धातूंचे साठे करायला घेतले तो हिशोब सरकारी, आणि भावाबिवाचं मेटल ट्रेडर बघायचे. 1978 मध्ये झैरेत, म्हणजे आताच्या काँगोत, बंडखोर कोल्वेझी ह्या खाणीच्या शहरात घुसले आणि तिथून येणाऱ्या कोबाल्टचा भाव भडकला, तो लागणारे जेट इंजिनवाले हादरले, पण पुढे सगळं विसरलं गेलं.

कॅलिफोर्नियाची माउंटन पास खाण एकेकाळी जगाला रेअर अर्थ (मॅग्नेट, टीव्ही वगैरेंत लागणारा धातूंचा एक गट) पुरवायची, त्यातलंच कलर टीव्हीतल्या लाल रंगाचं युरोपियम तिथून यायचं. मग चीनचा स्वस्त माल आला, सांडपाण्याच्या गळतीवरून भांडणं झाली आणि 2002 मध्ये खाण बंद पडली. त्याआधी 1995 मध्ये जनरल मोटर्सने रेअर अर्थचे मॅग्नेट बनवणारी आपली मॅग्नेक्वेंच कंपनी विकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या आणि काही वर्षांत उत्पादन अमेरिकेतून चीनला गेलं. माझ्या मते खरं नुकसान हेच, कारण खाण परत उघडता येते पण सेपरेशन (हे धातू एकमेकांपासून वेगळे करणं) आणि मॅग्नेटचं काम येणारी माणसं एकदा पांगली की परत जमवायला वर्षं जातात.

सप्टेंबर 2010 मध्ये जपानच्या ताब्यातल्या पण चीनही हक्क सांगतो त्या सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी कोस्ट गार्डच्या बोटींवर आदळली, कॅप्टनला अटक झाली आणि चीनमधून जपानला जाणारं रेअर अर्थ अडकलं. ह्या पेशाचा जन्म मी तरी इथूनच धरतो. जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनस ह्या रेअर अर्थ कंपनीमध्ये पैसे घातले, युरोपने 2011 मध्ये 14 क्रिटिकल कच्च्या मालांची पहिली यादी काढली, तिथल्या सशस्त्र टोळ्यांना पैसा जाऊ नये म्हणून अमेरिकेत डॉड-फ्रँक कायद्याने टिन, टँटलम, टंगस्टन, सोनं काँगो भागातलं आहे का ते कंपन्यांना तपासायला लावलं, आणि हे सगळं ट्रेस करणार कोण, तर अशी माणसं लागायला लागली. माउंटन पास परत सुरू झाली, 2015 मध्ये तिची मालक मोलिकॉर्प दिवाळखोरीत गेली, नवे मालक आले तरी कित्येक वर्षं तिथलं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे अर्धवट शुद्ध केलेलं खनिज, प्रोसेसिंगला चीनलाच जात होतं!

आपल्याकडे केरळच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे, इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 पासूनची, पण सरकारची 30 क्रिटिकल मिनरल्सची यादी आली 2023 मध्ये. मग 4 एप्रिल 2025 ला चीनने सात रेअर अर्थ आणि त्यांच्या मॅग्नेटवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं आणि मोटरमध्ये हे मॅग्नेट लागणाऱ्या आपल्या ईव्हीवाल्यांची पळापळ झाली, पुण्याची बजाज ऑटोसुद्धा त्यात. मॅग्नेट नेमका कशात वापरणार ते लिहून दिल्याशिवाय माल सुटत नव्हता, आणि मोटर बाहेरून विकत घेणाऱ्या कंपनीला ते लिहायच्या आधी आपल्या मोटरवाल्याला, त्याच्या मॅग्नेटवाल्याला गाठावं लागत होतं.