स्टिरॉइडला दाद न देणारा सारकॉइडोसिस: औषधं आली कुठून?

खारघरच्या माझ्या आत्याच्या फाइलमध्ये पहिला कागद टीबीच्या औषधांचा आहे. खोकला, उतरलेलं वजन, एक्स-रेमध्ये छातीत वाढलेल्या गाठी. एवढं दिसलं की आपल्याकडे एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू होते. सहा महिने झाले तरी गाठी तशाच. मग बायोप्सी केली आणि सारकॉइडोसिस हे नाव घरात पहिल्यांदा ऐकलं.

आजार तसा जुना. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी 1877 मध्ये त्वचेवरच्या त्याच्या चट्ट्यांची नोंद केली, नॉर्वेच्या सीझर बोक यांनी 1899 मध्ये 'सारकॉइड' हा शब्द आणला. या आजारात शरीरात पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, होतात आणि तसेच पुंजके टीबीतही होतात. टीबीत त्यांचा मधला भाग बहुधा पनीरसारखा कुजलेला असतो, सारकॉइडमध्ये सहसा नसतो. एवढ्याशा फरकावर डॉक्टरांना वाट काढावी लागते, आणि आपल्या भागात टीबी इतका आहे की चूक होते याचं मला नवल वाटत नाही. सहा महिने वाया गेल्याचं दुःख मात्र आहे.

1949 च्या सुमारास कॉर्टिसोन या स्टिरॉइडने संधिवाताचे रुग्ण चालू लागले आणि लवकरच ते सारकॉइडमध्येही वापरात आलं. आजही सुरुवात बहुधा स्टिरॉइडनेच होते. पुष्कळांचं त्यावर भागतं. आत्याचं भागलं नाही. डोस कमी केला की जिन्यावर दम, वाढवला की चेहरा सुजलेला आणि साखर वर.

अशांसाठी पुढची औषधं सगळी उसनी आहेत. मलेरियाचं क्लोरोक्विन ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात तपासलं गेलं. कॅन्सरचं मेथोट्रेक्सेट अमेरिकेत लोअर आणि बॉघमन यांनी दीर्घकाळ वापरून 1995 मध्ये 50 रुग्णांचा अनुभव मांडला. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. आत्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल पेनाने 'गोळी' लिहायची.

इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं क्रॉन्स या आतड्यांच्या आजारातून. ग्रॅन्युलोमाची भिंत टिकवणारं टीएनएफ हे रसायन ते अडवतं. सारकॉइडमध्ये ती भिंत म्हणजेच आजार. टीबीत मात्र तिच्याआड जंतू कोंडलेले असतात. ती ढासळली की ते मोकाट. 2001 मध्येच या औषधानंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. तरी सारकॉइडवरच्या 2006 च्या चाचणीत, 138 रुग्णांमध्ये, 24 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता सरासरी अडीच टक्क्यांनी वाढली. आकडा लहान आहे, पण ज्यांचा आजार जास्त गंभीर होता त्यांना फायदाही जास्त दिसला आणि माझ्या मते तीच खरी मोलाची गोष्ट.

वाशीच्या डॉक्टरांनी हे औषध सुचवलं तेव्हा आधी फाइलमधला तो पहिला कागद मागितला. एकेटी किती महिने, कोणत्या गोळ्या, मध्ये खंड पडला का, सगळं विचारलं. मग टीबी गोल्ड ही टीबीसाठीची रक्ततपासणी, पुन्हा सीटी. रिपोर्ट निगेटिव्ह आले, आणि तेव्हाच सलाइन लागलं. दुसरा डोस दोन आठवड्यांनी, तिसरा सहाव्या आठवड्यात.