ग्रॅफाइटची रासायनिक झीज

हायड्रोजन किंवा त्याची जड रूपे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या कमी ऊर्जेच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा होत राहिला की ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरचा कार्बन हायड्रोकार्बन वायूंच्या रूपाने निघून जातो. या क्रियेला रासायनिक झीज म्हणतात. अणुसंमीलनाच्या टोकामाक यंत्रांत चुंबकांनी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, कोंडून ठेवतात; त्यांच्या आतल्या भिंतीला ग्रॅफाइटच्या फरशा बसवतात, तिथे ती विशेष महत्त्वाची ठरते. ग्रॅफाइट निर्वातात वितळत नाही, उष्णता चांगली वाहून नेते, आणि थोडा कार्बन प्लाझ्मात मिसळला तरी जड धातूंइतका तो प्लाझ्माला थंड करत नाही.

नुसत्या धक्क्याने कार्बनचा अणू उडवायला आयनाजवळ साधारण ३० ते ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हायड्रोजन इतका हलका असतो की समोरासमोर टक्कर झाली तरी कार्बनला त्याच्या ऊर्जेतला फार तर २८ टक्के वाटा मिळतो; ड्यूटेरियमकडून ४९ टक्के मिळू शकतो. त्यामुळे प्लाझ्माची कड थंड ठेवली की झीज थांबेल असे वाटते. तसे होत नाही.

आयन पृष्ठभागाखाली थोडासा शिरतो, वेग गमावतो आणि कार्बनच्या मोकळ्या बंधाला चिकटतो. ग्रॅफाइटमधली कार्बनची षट्कोनी जाळी जागोजागी मोडते, तिच्या कडांवर एका कार्बनला तीन हायड्रोजन लागलेले मिथिल गट तयार होतात. पृष्ठभाग ४०० केल्विनच्या वर तापला की हे गट सुटू लागतात. बाहेर पडणाऱ्या वायूंत मिथेन ठळक असतो. आयनांची ऊर्जा जितकी कमी, तितका दोन-तीन कार्बनच्या रेणूंचा वाटा वाढतो. सुमारे ८०० केल्विनच्या आसपास झीज सर्वाधिक होते. त्यापुढे हायड्रोजन कार्बनला धरून न राहता स्वतःच रेणुरूपाने उडून जातो आणि झीज उतरते. थंड पृष्ठभागही यातून सुटत नाही, कारण कडांवर सैल बांधलेले गट सुटायला फारच हलका धक्का पुरतो. टोरांटो विद्यापीठ आणि जर्मनीतील गार्किंगची माक्स प्लांक संस्था येथे आयनशलाकांखालच्या झिजेची बारकाईने मोजमापे झाली. बोरॉन मिसळलेल्या ग्रॅफाइटची रासायनिक झीज कमी होते, हेही अशा प्रयोगांतून दिसले.

फरशी पातळ होणे ही त्यातली लहान अडचण. सुटलेले हायड्रोकार्बन प्लाझ्मात फुटतात आणि दुसरीकडे, बहुधा थंड कोपऱ्यांत, हायड्रोजनने भरलेला थर होऊन बसतात. इंधनात ट्रिटियम असेल तर तेही त्या थरात अडकते. इंग्लंडमधील जेट या टोकामाकात १९९७ साली ट्रिटियमचे प्रयोग झाले, तेव्हा सोडलेल्या सुमारे ३५ ग्रॅमपैकी बराच भाग यंत्रातच राहिला. डायव्हर्टरच्या (प्लाझ्मातून बाहेर पडणारे कण आणि उष्णता झेलणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूजवळ असलेल्या थंड, झरोक्यासारख्या पट्ट्यांवर अशा थराच्या खपल्या साचल्या होत्या. किरणोत्सारी इंधनाचा असा साठा परवान्याच्या मर्यादेला लवकर भिडतो. ट्रिटियम न वापरणाऱ्या यंत्रांना, उदाहरणार्थ गांधीनगरच्या एसएसटी-१ या टोकामाकाला, ही अडचण येत नाही, म्हणून तिथे ग्रॅफाइटच्या फरशा चालतात. फ्रान्समधील इटर या टोकामाक प्रकल्पाने मात्र कार्बन वगळून डायव्हर्टरसाठी टंगस्टन निवडले. जेटमध्येही २०११ पासून बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत आली, आणि अडकून राहणारे इंधन कार्बनच्या भिंतीच्या तुलनेत दहा पटींहून अधिक घटले.