निवडुंग कापून पाणी? आफ्रिकेत तरी नको!

सफारीला निघालेल्यांना हमखास मिळणारा सल्ला: रानात वाट चुकलात तर निवडुंग कापा, आत पाणी असतं. हे साफ चूक आहे. आफ्रिकेतल्या क्रूगर किंवा मसाई मारा या राखीव जंगलांत हिरव्या फांद्यांच्या समईसारखं जे झाड दिसतं, ते कॅक्टस नव्हेच. तो युफोर्बिया, आपल्याकडच्या कुंपणावरच्या शेराचा भाऊबंद. फांदी मोडली की पांढरा चीक भळाभळा वाहतो. कातडीला लागला तर फोड येतात, डोळ्यात गेला तर दृष्टीही जाऊ शकते. आणि हा म्हणे प्यायचा! खरे कॅक्टस जवळपास सगळे मूळचे अमेरिका खंडांतले.

पाणी शोधायचंच तर कोरड्या नदीच्या वळणावर, बाहेरच्या काठाशी वाळू उकरावी; हत्तीही वाळूच उकरतात. झिरपलेलं पाणी मात्र उकळूनच प्यावं. बाकी, गाइडला सोडून भटकायला सांगितलंय कुणी?