फोनमधली उंची : उपग्रहाची आणि हवेच्या दाबाची

जुलै महिन्यात नागपुरात एकाच टेबलावर दोन फोन ठेवून उंचीचं ॲप उघडलं, तर एक २५० मीटर दाखवू शकतो आणि दुसरा ४०० च्या वर. शहराची खरी उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर. दोन्ही फोन धड आहेत. ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि ॲप दोन्हींना ‘उंची’च म्हणतं. पचमढी-चिखलदऱ्याकडे पायी फिरणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यायलाच हवा.

जीपीएसची उंची उपग्रहांच्या अंतरावरून निघते. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही. म्हणून जागा बऱ्यापैकी अचूक मिळाली तरी उंची चुकते. मोकळ्या आभाळाखाली दहा-वीस मीटर, दरीत किंवा दाट झाडीत त्याहून जास्त. शिवाय जीपीएस पृथ्वीला गुळगुळीत लंबगोल धरतं, आणि आपल्याकडची समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे. ॲपनं ही दुरुस्ती केली नसेल तर नागपूर २५० च्या आसपास दिसतं. पण ढग येवोत की ऊन पडो, त्यानं ही उंची हलत नाही.

दुसरी उंची बॅरोमीटरची, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या चिपची. आयफोनमध्ये ही चिप २०१४ साली आयफोन ६ पासून आली. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा नसतेच. दर आठ-नऊ मीटर चढलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो, आणि चिप इतकी तल्लख असते की जिन्याचा एक मजला चढलेलाही तिला कळतो. अडचण वेगळीच आहे : दाब उंचीमुळे उतरला की हवामानामुळे, हे तिला सांगता येत नाही. ॲप समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून चालतं. पावसाळ्यात इथे तो हजाराच्या आसपास असतो, म्हणून बसल्या जागी शंभरेक मीटर फुकट चढतात. उपाय सोपा आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पचमढीला निघालात तर पिपरियाच्या पाटीशी ॲप जुळवून घ्या आणि मग चढा. फोन हवाबंद प्लास्टिक पिशवीत मात्र ठेवू नका, नाहीतर चिप पिशवीतलाच दाब मोजत बसेल.

आता याच चिपवरून हवामान ओळखण्याबद्दल. मुक्कामाला थांबलात की उंची बदलत नाही, म्हणजे दाबातला फरक हवेचाच, हे खरं. पण आपल्या भागात हवेला रोजची भरती-ओहोटी असते. सूर्याच्या तापण्यामुळे दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. उन्हाळ्यात सकाळ-दुपारचा फरक तीन-चार हेक्टोपास्कल, म्हणजे उंचीच्या भाषेत तीसेक मीटर. थंड देशांत एवढी घसरण म्हणजे वादळाची चाहूल. नागपुरात ती रोजची दुपार आहे. म्हणून चारचा आकडा सकाळच्या दहाशी ताडू नका, कालच्या चारशी ताडा. कालच्यापेक्षा तीन-चार हेक्टोपास्कलनं खाली असेल आणि उद्याही घसरतच राहिला, तर बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडमार्गे इकडे सरकत असण्याची शक्यता धरा आणि प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघा. तिथला दाबाचा आकडा समुद्रसपाटीवर किती भरेल, तसा बदलून दिलेला असतो. नागपुरात फोनचा कच्चा आकडा त्याहून पस्तीसेक हेक्टोपास्कलनं कमी दिसणारच.

विजांच्या वादळाबाबत बॅरोमीटरवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. वैशाखातलं वादळ तास-दोन तासांत उभं राहतं. त्याआधी दाब ठळक उतरेलच असं नाही, उलट गार वाऱ्याचा पहिला झोत आला की तो एकदम उसळतो. तोवर पळायला वेळ उरत नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. पण डोंगरात रेंज जाते, तेव्हा कान आणि डोळे उघडे हवेत. श्रावणात पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून माणसं लोटतात, त्याच दिवसांत धूपगडचा १३५० मीटरचा माथाही गाठतात. तिथे गडगडाट ऐकू आला की दाबाचा आकडा स्थिर असला तरी लगेच खाली उतरा, आणि एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.